आणीबाणीच्या काळासाठी पिण्याचे पाणी: साठवण आणि शुद्धीकरण, ठाणे-नवी मुंबईतील नव्या रहिवाशांसाठी मार्गदर्शन

पावसाळ्यात सखल भागातील रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचलेले असते आणि त्याच रस्त्यावरील इमारतींच्या नळांना मात्र पिण्याचे पाणी येत नाही, ही स्थिती ठाण्याच्या जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. नुकतेच येथे राहायला आलेल्या कुटुंबाला मात्र तिची कल्पना नसते आणि त्यामुळे तयारीही नसते. पिण्याचे पाणी किती, कशात आणि कोठे साठवावे, ते केव्हा बदलावे, आणि साठा संपल्यावर किंवा शंकास्पद पाणी वापरावे लागल्यास ते घरच्या घरी कसे शुद्ध करावे, हे अशा कुटुंबांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

नळ कशाने बंद पडतो

आपले पाणी कोठून येते हे आधी समजून घ्यावे, कारण तयारीची दिशा त्यावरून ठरते. नवी मुंबई महानगरपालिकेचे स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण खालापूरजवळ आहे. तेथील पाणी भोकरपाडा येथील केंद्रात शुद्ध होऊन जलवाहिनीने शहरात येते. ठाणे शहराला भातसा नदीचे पाणी पिसे बंधाऱ्यातून, तसेच उल्हास नदीचे पाणी स्टेम या पाणीपुरवठा प्राधिकरणाकडून मिळते. कळवा, मुंब्रा आणि दिवा हे भाग मोठ्या प्रमाणात एमआयडीसीच्या, म्हणजे बदलापूरजवळील बारवी धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहेत. सिडकोच्या उलवे, द्रोणागिरी या नोडना (वसाहतींना) पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी मिळते. कोणत्याही मार्गाने आले तरी हे पाणी कित्येक किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून जलकुंभात, जलकुंभातून सोसायटीच्या भूमिगत टाकीत, तेथून विजेच्या पंपाने गच्चीवरच्या टाकीत आणि मग नळात येते.

यातील एक टप्पा बंद पडला तरी नळ थांबतो. देखभाल-दुरुस्तीसाठी जाहीर होणारा २४ तासांचा शटडाऊन आणि त्यानंतरचा एक-दोन दिवसांचा कमी दाब, उन्हाळ्याच्या शेवटी धरणसाठा खालावल्यावर होणारी पाणीकपात, जलवाहिनी फुटणे, ही नेहमीची कारणे आहेत. विजेचे कारण मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वीजवाहिनीतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला होता. अशा वेळी भूमिगत टाकी काठोकाठ भरलेली असली तरी पंप बंद असल्याने वरच्या मजल्यांना काही तासांतच पाणी मिळेनासे होते. शेवटचे कारण सर्वांत गंभीर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तशा पावसात, विशेषतः समुद्राला मोठी भरती असताना, पुराचे पाणी भूमिगत टाक्यांच्या झाकणांतून आत शिरते. पाणी तेव्हाही नळाला येते, पण ते पिण्याजोगे राहिलेले नसते.

थोडक्यात, तयारी दोन प्रकारची लागते: पाणी येतच नाही अशा दिवसांसाठी साठा, आणि पाणी येते पण ते दूषित आहे अशा दिवसांसाठी शुद्धीकरणाची साधने. एक असून दुसरे नसेल तर तयारी अपुरी आहे.

किती पाणी ठेवावे

प्रौढ माणसाला पिण्यासाठी दिवसाला साधारण ३ लिटर पाणी लागते. आपल्याकडच्या दमट उन्हाळ्यात, आजारी माणसाला आणि स्तनदा मातेला याहून अधिक लागते. वरण-भात शिजवणे, भाजी धुणे आणि दात घासणे यांसाठी आणखी २ लिटर धरावेत, म्हणजे दर माणशी दिवसाला ५ लिटर हा हिशेब सोपा आणि पुरेसा आहे. आंघोळ, कपडे आणि शौचालय यांचे पाणी यात धरलेले नाही. ते वापराचे पाणी म्हणून वेगळ्या पिंपात ठेवावे आणि दोन्हींची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये. आपत्तीतील मदतकार्यासाठी जगभर वापरली जाणारी स्फिअर मानके सर्व घरगुती गरजा धरून दर माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाण्याचा आधार घेतात, त्यावरून वापराच्या पाण्याचा अंदाज बांधता येईल.

चार माणसांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ६० लिटर, आठवड्यासाठी १४० लिटर आणि दोन आठवड्यांसाठी २८० लिटर पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी लागेल. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी थेट दोन आठवड्यांच्या साठ्यामागे लागू नये. पहिल्या महिन्यात तीन दिवसांचा साठा उभा करावा, तो नीट सांभाळता येतो आणि वेळेवर बदलता येतो हे पाहावे, मग आठवड्यापर्यंत जावे. एक-दोन खोल्यांच्या घरात आठवड्याचा साठा आणि त्यापुढील काळासाठी शुद्धीकरणाची भक्कम व्यवस्था, ही माझ्या मते सर्वांत व्यवहार्य वाटणी आहे. तीनशे लिटर पाणी घरात रचून ठेवणे आणि ते दर काही महिन्यांनी बदलणे बहुतेक कुटुंबांकडून होत नाही, आणि न बदललेल्या साठ्यावर विसंबणे धोक्याचे असते.

साठवण्यासाठी आरओचे पाणी नको

नवे रहिवासी बहुधा घरातल्या आरओ यंत्राचे पाणी बाटल्यांत भरून ठेवतात, कारण ते सर्वांत शुद्ध, असे त्यांना वाटते. लगेच पिण्यासाठी ते ठीक आहे. दीर्घकाळ साठवण्यासाठी मात्र ते नळाच्या पाण्यापेक्षा कमी प्रतीचे आहे, आणि यामागचे कारण प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात क्लोरीन मिसळलेले असते. वाटेत आणि साठवणीत नव्याने शिरणारे जंतू मारण्यासाठी त्यातील थोडे क्लोरीन शिल्लक राहावे अशी योजना असते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ग्राहकाच्या नळाशी ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. आरओ यंत्रातील कोळशाचा फिल्टर हेच क्लोरीन काढून टाकतो. त्यामुळे यंत्रातून निघालेल्या पाण्यात त्या क्षणी जंतू नसले, तरी बाटलीच्या तोंडाला, बुचाला किंवा हाताला चिकटून आत गेलेल्या जंतूंना रोखणारे त्यात काहीच उरलेले नसते, आणि काही दिवसांत ते वाढू लागतात.

याशिवाय आरओची मुख्य उपयुक्तता क्षार कमी करण्यात आहे. पिण्याच्या पाण्यातील विरघळलेल्या घनपदार्थांसाठी मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. बोअरवेलचे किंवा टँकरचे खारट पाणी वापरावे लागणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. आणीबाणीत तर आरओला वीज लागते, पाण्याचा दाब लागतो आणि शुद्ध पाण्याबरोबर बरेच पाणी वाया जाते. टंचाईच्या दिवसांत त्याचा आधार धरता येत नाही.

म्हणून साठा नळाच्या पाण्याचाच करावा. तळमजल्यावर किंवा आवारात पालिकेच्या वाहिनीचा थेट नळ असेल तर तेथून, पाणी सुरू झाल्यावर काही मिनिटे वाहू देऊन मग भरावे. गच्चीवरच्या टाकीत एक-दोन दिवस राहिलेल्या पाण्यातील क्लोरीन बरेचसे उडून गेलेले असते. असे पाणी भरावे लागल्यास पुढे दिल्याप्रमाणे क्लोरीनची मात्रा घालावी. विकतचे सीलबंद पाणी घ्यायचे असल्यास बाटलीवरील आयएसआय चिन्ह, आयएस १४५४३ हा क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहावी. घरोघर पोहोचवले जाणारे सैल झाकणाचे थंड पाण्याचे जार साठवणीसाठी अजिबात घेऊ नयेत.

कशात साठवावे

आपल्या भागापुरती एक ताकीद येथे आवर्जून द्यावीशी वाटते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने अनेक आहेत आणि त्यांच्याकडून निघालेली निळी प्लास्टिकची पिंपे भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळतात. पिंप कितीही घासले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन निघत नाही, आणि आधी त्यात काय होते हे विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. वापराच्या पाण्यासाठीसुद्धा असे पिंप घेऊ नये, कारण अडचणीच्या दिवशी घरातील कोणीतरी त्यातलेच पाणी प्यायला घेतो.

नवे, खाद्यपदार्थांसाठीचे म्हणून विकले जाणारे, घट्ट आट्याच्या झाकणाचे १० किंवा २० लिटरचे कॅन सर्वांत उत्तम. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ते एचडीपीई या प्रकारचे प्लास्टिक असते आणि दीर्घ साठवणीसाठी योग्य असते. १ आकड्याच्या पीईटी बाटल्याही चालतात. कॅनला खाली तोटी असेल तर आणखी चांगले, कारण पाणी घेताना आत पेला किंवा हात जात नाही, आणि घरातले पाणी दूषित होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच असते. दुधाच्या किंवा फळांच्या रसाच्या रिकाम्या बाटल्या वापरू नयेत. त्यातील साखर आणि स्निग्धांश पूर्ण निघत नाहीत आणि त्यावर जंतू वाढतात. स्टीलची झाकणाची टाकी चालते, मात्र क्लोरीन मिसळलेले पाणी फार दिवस राहिल्यास हलक्या स्टीलला गंज धरू शकतो.

तांब्याच्या हंड्याबद्दल विचारणा नेहमी होते. तांब्याच्या संपर्कात पाणी काही तास राहिल्यास त्यातील अनेक जिवाणू मरतात हे खरे आहे, आणि रोजच्या पाण्यासाठी आतून स्वच्छ घासलेला हंडा वापरण्यास हरकत नाही. पुराचे किंवा गढूळ पाणी केवळ तांब्यात ठेवल्याने शुद्ध होत नाही, आणि आठवडेच्या आठवडे त्यात पाणी साठवून ठेवणेही योग्य नाही.

भरण्याची पद्धत

प्रथम कॅन साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून, झाकणाच्या आट्यांसह धुऊन स्वच्छ विसळावा. नंतर एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, ५ टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण मिसळावे, ते कॅनमध्ये ओतून झाकण लावावे आणि आतील प्रत्येक भाग ओला होईल असे अर्धा मिनिट हलवावे. द्रावण ओतून टाकावे, कॅन नळाच्या पाण्याने विसळावा आणि लगेच भरावा. हायपोक्लोराइट घेताना त्यात सुगंध, रंग किंवा कपडे धुण्याचा साबण मिसळलेला नाही याची खात्री करून घ्यावी आणि बाटलीवरील तीव्रता व उत्पादनाची तारीख वाचावी, कारण उष्ण हवेत त्याची ताकद काही महिन्यांत उतरते. शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लाशी किंवा अमोनिया असलेल्या द्रव्याशी त्याचा संपर्क कधीही होऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो.

थेट पालिकेच्या नळाचे पाणी असेल तर वेगळे काही घालावे लागत नाही. टाकीचे पाणी असल्यास लिटरमागे ५ टक्के द्रावणाचा एक थेंब, म्हणजे २० लिटरच्या कॅनला २० थेंब किंवा १ मिलिलिटर घालावा. थेंब मोजण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारा ड्रॉपर किंवा सुई काढलेली सिरिंज वेगळी ठेवावी. कॅन काठोकाठ भरावा, झाकण घट्ट लावावे, त्यावर भरल्याची तारीख आणि ‘पिण्याचे’ असे ठळक लिहावे.

कोठे ठेवावे आणि केव्हा बदलावे

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे आठवड्याचा साठा म्हणजे १४० किलो वजन. ते माळ्यावर किंवा सर्वच्या सर्व बाल्कनीच्या कठड्याशी रचू नये. पलंगाखाली, ओट्याखाली आणि भिंतीच्या कडेने जमिनीवर वाटून ठेवावे. ऊन लागेल तेथे शेवाळ धरते, आणि रॉकेल, रंग किंवा कीटकनाशकाजवळ ठेवल्यास त्यांचा वास प्लास्टिकमधून पाण्यात उतरतो. कोपरखैरणे-घणसोलीतील बैठ्या घरांसारख्या किंवा तळमजल्यावरच्या घरांमध्ये पूर येण्याची शक्यता असल्यास साठा जमिनीपासून उंच, भक्कम फळीवर ठेवावा. पुराच्या पाण्यात बुडालेला कॅन बाहेरून क्लोरीनच्या द्रावणाने पुसल्याशिवाय उघडू नये.

घरी भरलेले पाणी सहा महिन्यांनी बदलावे असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो, पण तो १० ते २१ अंश तापमानाच्या थंड जागी केलेल्या साठवणुकीचा विचार करून दिलेला आहे. आपल्याकडे घरातले तापमान वर्षातील बराच काळ ३० अंशांच्या आसपास असते, म्हणून मी तीन महिन्यांची मुदत सुचवतो. जुने पाणी ओतून देण्याची गरज नाही. ते कपडे आणि फरशीसाठी वापरावे. मेच्या अखेरीस संपूर्ण साठा नव्याने भरून ठेवला तर तो ऐन पावसाळ्यात ताजा राहतो.

डासांकडे दुर्लक्ष करू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. बंद कॅनमध्ये हा धोका नसतो, परंतु वापराच्या पाण्याच्या उघड्या पिंपात तो निश्चित असतो. अशी पिंपे झाकून वर घट्ट कापड बांधावे आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामी करून, आतून घासून कोरडी ठेवावीत. पाणीटंचाईच्या भीतीने घराघरांत उघडी पिंपे भरली जातात आणि त्याच वस्तीत महिन्याभरात तापाची साथ येते. पाणी साठवणारा माणूस आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्या आरोग्यालाही जबाबदार असतो.

शंकास्पद पाणी शुद्ध करणे: आधी गढूळपणा काढावा

साठा संपला, नळाला गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त पाणी आले, टँकरचे किंवा गावठाणातील विहिरीचे पाणी घ्यावे लागले, तर त्यावर ठरावीक क्रमाने प्रक्रिया करावी: निवळणे, गाळणे आणि निर्जंतुक करणे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण गढूळ पाण्यातील माती आणि सेंद्रिय घाण क्लोरीनला खर्ची पाडते आणि जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात.

पाणी बादलीत घेऊन तुरटीचा स्वच्छ खडा त्यात काही वेळा फिरवावा आणि पाणी न हलवता दोन-तीन तास ठेवावे. गाळ तळाशी बसल्यावर वरचे निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात हलकेच ओतावे. मग ते जुन्या सुती कापडाच्या कित्येक पदरी घडीतून गाळावे. जुन्या, अनेकदा धुतलेल्या साडीचे कापड यासाठी विशेष चांगले, कारण धुण्याने त्याचे धागे मोकळे होऊन छिद्रे बारीक होतात. जिवाणूशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील ६५ गावांमध्ये घड्या घातलेल्या साडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला आणि पटकीच्या (कॉलराच्या) रुग्णांचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पटकीचे जिवाणू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात ते कापडात अडकतात, हे त्याचे कारण. याचा अर्थ कापड पुरेसे आहे असा नाही. विषाणू आणि सुटे जिवाणू त्यातून सहज पार होतात, म्हणून पुढची पायरी टाळता येत नाही. गाळल्यावर कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे.

उकळणे

घरात गॅस असेल तर उकळणे ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. पाण्याला मोठमोठे बुडबुडे येऊन ते खळखळू लागल्यापासून पूर्ण एक मिनिट उकळू द्यावे. आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे एवढे पुरते. दहा-वीस मिनिटे उकळत ठेवल्याने शुद्धता वाढत नाही, गॅस मात्र संपतो, आणि पुराच्या दिवसांत सिलिंडर वेळेवर येईलच असे नाही. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून थंड करावे. त्यात क्लोरीन उरलेले नसते, म्हणून ते २४ तासांत संपवावे. चव बेचव वाटल्यास एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्यात दोन-चार वेळा ओतावे, त्यात हवा मिसळते.

क्लोरीन

गॅस कमी असेल किंवा पाणी जास्त असेल तेव्हा क्लोरीन वापरावे. गाळलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात ५ टक्के द्रावणाचे लिटरमागे २ थेंब, आणि गाळूनही किंचित गढूळ राहिलेल्या पाण्यात ४ थेंब घालावेत, ढवळावे आणि झाकून ३० मिनिटे ठेवावे. त्यानंतर क्लोरीनचा मंद वास आला पाहिजे. वास नसेल तर तीच मात्रा पुन्हा घालून आणखी १५ मिनिटे थांबावे. तरीही वास येत नसेल तर त्या पाण्यात घाण फार आहे असे समजून ते पिण्यासाठी वापरू नये. वास उग्र असल्यास भांडे काही तास स्वच्छ कापडाने झाकून उघडे ठेवले की तो कमी होतो. साथीच्या आणि पुराच्या काळात आरोग्य कर्मचारी मेडिक्लोर या क्लोरीन द्रावणाच्या बाटल्या किंवा क्लोरीनच्या गोळ्या वाटतात. त्यांची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून वेष्टनावर लिहिलेलीच मात्रा घ्यावी आणि शेजारणीने सांगितलेला अंदाज वापरू नये. गोळ्या कोरड्या जागी दीर्घकाळ टिकतात, त्यामुळे घरातील आपत्कालीन पेटीत ठेवण्यासाठी द्रवापेक्षा त्या अधिक सोयीच्या आहेत.

क्लोरीनलाही मर्यादा आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीवर नेहमीच्या मात्रेचा परिणाम होत नाही. तान्ह्या बाळाचे दूध बनवण्यासाठी, तसेच केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसासाठी उकळलेलेच पाणी वापरावे.

उन्हाने पाणी निर्जंतुक करण्याची पद्धत स्वस्त आहे: दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक पीईटी बाटलीत निवळ पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची, आणि आभाळ बऱ्यापैकी झाकलेले असेल तर दोन दिवस. मे महिन्याच्या टंचाईत ती कामाची आहे. जुलैच्या संततधारेत तिच्यावर विसंबू नये. विजेशिवाय चालणारा गुरुत्वाकर्षणाचा कँडल फिल्टर घरात असेल तर तो गाळण्यासाठी चांगला, परंतु त्यानंतरही पुराच्या काळात पाणी उकळावे किंवा क्लोरीन घालावे.

वरीलपैकी कोणतीही पद्धत रसायने काढत नाही. ज्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे, ज्याला डिझेल, रंग किंवा औषधी द्रव्यांचा वास येतो, जे औद्योगिक वसाहतीतील नाल्यातून आले आहे, ते उकळल्याने सुरक्षित होत नाही. उकळताना पाणी आटते आणि विरघळलेले विष उलट घट्ट होते. खाडीचे खारे पाणीही यांपैकी कोणत्याही पद्धतीने पिण्याजोगे होत नाही. ठाण्याच्या तलावांचे पाणी वापरासाठी घ्यावे लागले तर घ्यावे, पिण्यासाठी नाही.

सोसायटीची टाकी

घरातली तयारी कितीही चोख असली तरी सोसायटीने आपले काम केले नाही तर साठा आठवड्याच्या आत संपतो, म्हणून सचिवांशी आणि पंप चालवणाऱ्या माणसाशी पावसाळ्यापूर्वीच बोलून ठेवावे. भूमिगत टाकीचे झाकण आवाराच्या जमिनीपासून उंच आणि घट्ट बसणारे आहे का, हवेच्या नळीचे तोंड जाळीने झाकलेले आहे का, आणि शेजारून सांडपाण्याची तुंबलेली वाहिनी जात नाही ना, हे पाहावे. आवारात पाणी चढू लागताच पंप बंद करावा. हा निर्णय घेण्याचा अधिकार रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकालाही दिलेला असावा, कारण एकदा दूषित पाणी गच्चीवर चढले की सगळ्या इमारतीची वाहिनी बिघडते. पंप वेळेत बंद केला तर गच्चीवरच्या टाकीतले पाणी शुद्ध राहते आणि वीज नसतानाही ते नळाला येत राहते. ते केवळ पिणे आणि स्वयंपाक यांसाठी वापरण्याचे सर्वांनी मान्य करावे.

टँकरचे पाणी घेतल्यास ते टाकीतच क्लोरीनयुक्त करावे. ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये सुमारे ३० टक्के क्लोरीन असते. लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन मिळण्यासाठी १०,००० लिटर पाण्याला सुमारे ७० ग्रॅम पावडर लागते. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग पाणी वाढवून ढवळावे, दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा आणि केवळ वरचे निवळ द्रावण टाकीत ओतावे. अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीच्या संचाने किंवा तशाच दुसऱ्या संचाने शिल्लक क्लोरीन पाहावे, लिटरला ०.५ मिलिग्रॅम आढळले तर पाणी योग्य आहे, कमी असेल तर आणखी निम्मी मात्रा द्यावी.

पुराचे पाणी टाकीत शिरलेच असेल तर वरून क्लोरीन ओतून भागत नाही. टाकी पूर्ण उपसावी, गाळ काढावा, भिंती घासाव्यात. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि विषारी वायू साचलेले असू शकतात, म्हणून झाकणे बराच वेळ उघडी ठेवून पंख्याने हवा खेळवल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये, आणि वर दोरीसह माणूस असल्याशिवाय तर मुळीच नाही. शक्यतो हे काम यंत्रसामग्री असलेल्या प्रशिक्षित संस्थेला द्यावे. स्वच्छ केलेली टाकी भरून लिटरमागे ५० मिलिग्रॅम या तीव्र मात्रेने, म्हणजे १०,००० लिटरला सुमारे १.७ किलो टीसीएल पावडरीच्या निवळ द्रावणाने, एक दिवस तशीच ठेवावी. हेच पाणी गच्चीवरच्या टाकीत आणि सर्व घरांच्या नळांपर्यंत खेळवून वाहिन्याही निर्जंतुक कराव्यात. त्या दिवशी नळाचे पाणी कोणीही पिऊ नये, अशी सूचना प्रत्येक मजल्यावर लावावी. दुसऱ्या दिवशी सगळे पाणी सोडून द्यावे, पालिकेच्या पाण्याने टाक्या पुन्हा भराव्यात आणि शक्य असल्यास नमुना महानगरपालिकेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. अहवाल येईपर्यंत पिण्यासाठी घरचा साठा किंवा उकळलेले पाणी वापरावे, आणि या काळात कोणाला जुलाब सुरू झाले तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाच्या चमच्याने साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून ते घोट घोट देत, वेळ न दवडता जवळच्या दवाखान्यात न्यावे.